वरोरा ते वडसा, व्हाया पु. ल.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटक ठरवायला गावची मंडळी कंपनीवाल्याकडे जातात तेव्हा आधी एकच चौकशी होते, "कॉमेडीले कोन हाये?" कॉमेडीवाला ढिला निघाला तर रात्री दोनला अर्धा मंडप घोंगडी गुंडाळून घरी जातो. तो दमदार असला आणि वर गाणाराही असला, तर गुरं सोडायची वेळ झाली तरी कुणी जागचं हलत नाही.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या आसपास जन्मले असते तर दिवाळी ते होळी त्यांची एकही तारीख कुणाला मिळाली नसती. हसवणं, गाणं, पेटी वाजवणं, चाल लावणं, लिहिणं, दिग्दर्शन, सगळं एकाच माणसात. वर हा माणूस भारतीय टेलिव्हिजनच्या पाळण्याला पहिला झोका देणाऱ्यांपैकी एक. जन्म मुंबईचा, शेवट पुण्यात. पण त्यांच्या आयुष्यातली एक जिव्हाळ्याची वाट चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याला येते. त्या वाटेवरच्या या काही गमती.

१. पहिली वल्ली आपल्याकडची

नारायण, सखाराम गटणे, अंतू बर्वा, नामू परीट... पुलंनी अख्खी जत्रा भरवली. पण त्यांचं छापून आलेलं पहिलं व्यक्तिचित्र विदर्भाच्या खात्यावर जमा आहे. 'भय्या नागपूरकर', मासिक 'अभिरुची', साल १९४४. तेव्हा लेखकाचं वय पंचविशीच्या आत. पुढे 'मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर' असा तिरंगी सामना त्यांनी लावला, तेव्हाही आपला माणूस अंतिम फेरीत होताच. नागपुरी पाहुणचारावरची ती थट्टा नागपूरकरच पाहुण्यांना कौतुकानं ऐकवतात.

२. आजोबांचे टागोर, नातवाचे टागोर

पुलंचे आईकडचे आजोबा वामन मंगेश दुभाषी. 'ऋग्वेदी' या नावानं लिहायचे. त्यांनी रवींद्रनाथांची 'गीतांजली' मराठीत अभंगांच्या रूपात आणली होती. नातवानं तो धागा पन्नाशीत उचलला. तोवर मोठे पुरस्कार, सगळी लोकप्रियता पदरात पडलेली. तरी हा माणूस शाळकरी पोरासारखा बंगाली गिरवायला बसला आणि त्यासाठी थेट शांतिनिकेतनात जाऊन राहिला. त्यातून 'वंगचित्रे' हे पुस्तक झालं. रवींद्रनाथांवर त्यांनी दिलेली तीन व्याख्यानंही पुढे पुस्तकरूपानं आली.

३. आधी पेटी, मग लेखणी

मराठी घरांत पुलं पुस्तकातून पोचले, पण त्यांची बोटं आधी पेटीवर चालली. दत्तोपंत राजोपाध्ये यांच्याकडे त्यांनी रीतसर शिक्षण घेतलं. पार्ल्याच्या टिळक विद्यालयातला हा मुलगा कळत्या वयात बालगंधर्वांपुढे पेटी वाजवून आला होता. पुढे मोठमोठ्या गवयांच्या मागे साथीला बसले, तेही 'प्रसिद्ध लेखक पु. ल. देशपांडे' हा फलक घरी ठेवून. साथीदारानं गायकाच्या वरचढ व्हायचं नसतं, हा पेटीचा पहिला धडा. त्यांच्या लिखाणातही तो दिसतो. पात्र बोलत राहतं, लेखक मागे सूर धरून बसतो.

४. पेटीबंदीच्या दरबारात पेटीवाला

ही गंमत विरळा आहे. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली. पेटीचे सूर ठोकून बसवलेले असतात. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही, म्हणून भारतीय संगीताला हे वाद्य परकं, असा दावा. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. आणि पुलं आकाशवाणीच्या नोकरीत शिरले ते १९५५ साली! महाराष्ट्रातला लाडका पेटीवाला अशा कचेरीत रोज सही करत होता, जिथं पेटीलाच प्रवेश नव्हता. पुलंनी विनोदी कथा लिहावी असा हा मामला, सरकारनं आयताच करून ठेवलेला.

झाडीपट्टीच्या ऑर्गनवाल्यांना त्या बंदीशी काही देणंघेणं नव्हतं. ते वाजवत राहिले.

५. लग्नाचा खर्च आठ आणे

ओरिएंट हायस्कूलमध्ये शिकवताना पुलंची सुनीता ठाकूर या तडफदार शिक्षिकेशी ओळख झाली. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेली ही मुलगी. १२ जून १९४६ ला रत्नागिरीत नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. खर्च म्हणाल तर फॉर्मचे आठ आणे. पुढची ५४ वर्षं घराचा, पैशांचा, पुस्तकांच्या मुद्रितांचा आणि पुलंच्या विसरभोळेपणाचा कारभार सुनीताबाईंनी सांभाळला. त्या संसाराची रोखठोक कहाणी त्यांनी 'आहे मनोहर तरी' मध्ये १९९० साली मांडली. तेव्हा महाराष्ट्रात दोन तट पडले. एक भाईंच्या, म्हणजे पुलंच्या, बाजूचा, एक सुनीताबाईंच्या. घरातले दोघं मात्र एकाच बाजूला होते.

६. नोकऱ्यांची माळ

पेट्रोल रेशनिंगच्या कचेरीत कारकून. शाळामास्तर. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात आणि मुंबईच्या कीर्ती कॉलेजात प्राध्यापक. सिनेनट. संगीतकार. रेडिओचा माणूस. टीव्हीचा माणूस. एकेका नोकरीतून त्यांनी पेन्शन नेली नाही, माणसं नेली. बेळगावच्या मुक्कामातून तर कानडी ढंगाचं मराठी बोलणारे, शिव्यांतून माया करणारे रावसाहेब मराठीला मिळाले.

७. 'सबकुछ पु. ल.'

१९५३ चा 'गुळाचा गणपती'. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि भोळ्या नायकाची भूमिका, सगळं एकाच माणसाचं. म्हणून 'सबकुछ पु. ल.' हा शब्दप्रयोग मराठीत रुजला. आज गावच्या गणेशोत्सवात वर्गणीही गोळा करणाऱ्या, मंडपही बांधणाऱ्या आणि आरतीही म्हणणाऱ्या पोराला लोक 'सबकुछ' म्हणतात, त्याचं मूळ इथं. याच सिनेमासाठी ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेलं आणि भीमसेन जोशींनी गायलेलं आळंदीच्या समाधीचं भजन आजही पहाटेच्या कार्यक्रमांत वाजतं. कितीक लोक ते पिढीजात भजन समजतात. त्याची चाल पुलंची, सिनेमातली.

८. मोर कुणाचा?

मराठी बालवाडीत मोराला नाचायला सांगणाऱ्या गाण्यावर पाय टाकला नाही असं पोर सापडणं कठीण. ते गाणंही १९५३ चंच, 'देवबाप्पा' या सिनेमातलं. शब्द गदिमांचे, आवाज आशा भोसले यांचा, चाल पुलंची. पाडगावकरांच्या कवितांना त्यांनी लावलेल्या आणि जितेंद्र अभिषेकींनी गायलेल्या चाली तर भावगीताच्या दालनात मानाच्या जागी आहेत. पुलंचा विनोद ज्यांनी कधी वाचला नाही, त्यांनीही पुलं गुणगुणलेले आहेत.

९. टीव्ही नावाच्या बाळाची मराठी दाई

आता मुख्य प्रकरण. पन्नासच्या दशकाच्या शेवटी पुलं परदेशी प्रशिक्षणासाठी गेले. लंडनच्या बीबीसीत टीव्ही कसा चालतो ते शिकले, मग युरोप पाहिला. त्या प्रवासातून मराठीला 'अपूर्वाई' मिळाली आणि देशाला टीव्हीचा एक तयार माणूस. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत दूरदर्शन सुरू झालं. पुलं तिथल्या पहिल्या निर्मात्यांत.

त्या टीव्हीचं रूप आजच्या पोरांना सांगून पटायचं नाही. प्रक्षेपण दिल्ली आणि भोवतालच्या थोड्या पट्ट्यापुरतं, तेही आठवड्यातून दोनदा. संच मोजके, तेही सामुदायिक. एका संचासमोर अख्खी वस्ती. म्हणजे आपल्या मंडईच्या, गावजत्रेच्या, नाटकासारखंच, फक्त रंगमंच काचेच्या पेटीत. पेटीवाल्या माणसाला ही दुसरी पेटी परकी वाटली नसणार!

१०. समोर पंडितजी

भारतीय टीव्हीवर पंतप्रधान नेहरूंची पहिली मुलाखत घेण्याचा मान पुलंचा. गमतीचा भाग असा की मुलाखत घेणारा आणि देणारा, दोघंही बोलण्याच्या बाबतीत एकमेकांना हार जाणारे नव्हते. पार्ल्याच्या मुलानं कॅमेऱ्यापुढे देशाच्या पंतप्रधानाला बोलतं केलं, तेव्हा टीव्ही मुंबईतसुद्धा पोचलेला नव्हता. मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडलं. आपल्या जंगलातल्या गावांत घराच्या कौलावर अँटेना दिसू लागला तो त्याच्याही बऱ्याच नंतर.

११. जुळी भावंडं

टीव्हीचा विषय निघालाच आहे तर हे लक्षात ठेवा. भारतात रंगीत टीव्ही आला १५ ऑगस्ट १९८२ ला. चंद्रपुरातून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा जन्मला २६ ऑगस्ट १९८२ ला. अकरा दिवसांचं अंतर. रंग आधी दिल्लीला मिळाला, जिल्हा मग आपल्याला. पुलं वरोऱ्याला यायला लागले तेव्हा भामरागड, सिरोंचा, कुरखेडा हे सगळं एकाच अवाढव्य चंद्रपूर जिल्ह्यात मोडत होतं.

१२. एक माणूस, अख्खी चाळ

'बटाट्याची चाळ' रंगमंचावर आली तेव्हा प्रेक्षकांना दिसला एकच माणूस. पण ऐकू आलं सगळं बिऱ्हाड. त्रिलोकेकर, अण्णा पावशे, द्वारकानाथ गुप्ते, सगळे एकट्याच्या अंगात येऊन गेले. नेपथ्य नाही, वेषांतर नाही. 'वाऱ्यावरची वरात', 'असा मी असामी', 'रविवारची सकाळ' यांची तिकिटं मिळवायला लोक पहाटेपासून रांगा लावत. आज ज्याला स्टँडअप म्हणतात, त्याचं मराठी घराणं शोधायला गेलात तर वाट इथं येते. फरक एवढाच की या स्टँडअपवाल्याला मधेच गाताही यायचं.

१३. चौदा रुपये आणि एक लंगडी गाय

आता गाडी वरोऱ्याला थांबवू. नागपूरहून चंद्रपूरला येताना हे स्टेशन लागतं. हिंगणघाटचा एक श्रीमंत वकील, मुरलीधर देवीदास आमटे, सगळ्यांचे बाबा, यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती काढली. १९५१ साली वरोऱ्याबाहेरच्या खडकाळ माळावर आनंदवन सुरू झालं. भांडवल म्हणून सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये. उद्घाटन विनोबांच्या हस्ते.

माळाचं मळ्यात रूपांतर झालं, भाजी पिकली, दूध आलं. पण वरोऱ्याच्या बाजारात सुरुवातीला त्या मालाला हात लावायला कुणी तयार नव्हतं. रोगापेक्षा भीती लवकर पसरत होती.

पुलं-सुनीताबाई पुढे इथलेच झाले. आनंदवनाच्या मित्रमेळाव्याला लेखक, गायक, कार्यकर्ते जमू लागले, त्यातलं हे ठळक जोडपं. बाबांवर आणि त्यांच्या पत्नी साधनाताईंवर त्यांचा जीव. पुलंनी लिहून, बोलून आनंदवन मराठी मध्यमवर्गाच्या दारात नेलं. ज्यांनी कुष्ठरोग्याकडे कधी डोळा वर करून पाहिलं नव्हतं, ते पुण्या-मुंबईचे लोक वरोऱ्याचं तिकीट काढू लागले.

इथं क्षणभर थांबून विचार करा. ज्याच्या हातचं पाणी कुणी घेत नाही, त्याला औषध देणारा भेटतो, दान देणाराही भेटतो. त्याच्या मांडीला मांडी लावून खदखदून हसणारा भेटत नाही. हसायला शेजार लागतो. विनोदी माणूस आनंदवनात येऊन काय करणार, असं कुणी विचारलं तर उत्तर हे आहे.

१४. दोन फिल्मवेडे

बाबा आणि भाई यांचं का जमलं? समाजकार्य वगैरे आहेच. पण एक कारण थिएटरातलंही असावं. तरुणपणी बाबा आमटे इंग्रजी सिनेमांची परीक्षणं लिहायचे. ग्रेटा गार्बो, नॉर्मा शिअरर या हॉलिवूडच्या नट्यांशी त्यांचा पत्रव्यवहार होता! इकडे पुलंची दैवतं म्हणजे चार्ली चॅप्लिन आणि वुडहाऊस. चॅप्लिनचा फाटका भटक्या आणि आनंदवनातला झिजल्या बोटांनी कुदळ धरणारा माणूस, दोघांचं एक साम्य आहे. दोघांनाही दया नको असते.

१५. उलटी गंगा

पोरं शिकायला शहराकडे जातात. वरोऱ्यात उलटं झालं. साठच्या दशकात आनंदवनाच्या आवारात आनंदनिकेतन महाविद्यालय उभं राहिलं. कुष्ठरोगमुक्त माणसांच्या श्रमातून भिंती चढल्या आणि त्या भिंतींत शिकायला गावोगावची धडधाकट पोरं आली. ज्यांच्याकडे गाव पाठ फिरवायचं, त्यांनी गावाच्या लेकरांसाठी वर्ग बांधले. असा शेवट पुलंनी नाटकात लिहिला असता तर समीक्षक म्हणाले असते, जरा गोडच झाला.

१६. हशाचा हिशोब

लोक पुलंना 'कोट्यधीश' म्हणायचे. तिसऱ्या वाक्याला एक कोटी! पण दुसऱ्या अर्थाच्या पैशाशी या जोडप्याचं नातं मजेशीर होतं. तिकीटबारीवर आलेला पैसा पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानमधून निघून जायचा. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांचं 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, त्याच्या मुळाशी याच घरातून आलेले एक लाख रुपये होते. अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेलं वाचून दोघांना झोप लागली नाही, इतकं निमित्त. पुलं गेल्यावर सुनीताबाईंनी पुण्यातल्या आयुका या खगोलसंस्थेला मोठी देणगी दिली आणि तिथं मुलांसाठी विज्ञान शोधिका झाली. तिच्या इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतला एक तारा, आणि पहिली दोन अक्षरं ओळखीची. पुलंनी ही कोटी ऐकली असती तर दाद देऊन वर आपली एक लावली असती.

१७. आनंदवनाचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा

आनंदवनात पाहुणे येऊन गाऊन गेले, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. बाबांचे चिरंजीव डॉ. विकास आमटे यांनी तिथल्याच माणसांना घेऊन 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा केला. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाला चालता येत नाही, कुणाची बोटं रोगानं नेलेली. ऐकू न येणारी मुलं ठेका चुकवत नाहीत, न दिसणारा गायक समोरच्या गर्दीचा अंदाज टाळ्यांवरून घेतो. या मंडळींनी महाराष्ट्रभर प्रयोग केले. तिकीट काढून येणारा प्रेक्षक दयेनं येतो आणि नाचत घरी जातो.

१८. अध्यक्षपद आणि आपलं गाव

विनोदी लेखक संमेलनाध्यक्ष झाला की काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. पुलंच्या वेळी इलाज नव्हता. १९७४ साली इचलकरंजीला भरलेल्या सुवर्णमहोत्सवी, म्हणजे ५० व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९७९ साली, ५३ वं संमेलन चंद्रपूरला आलं. अध्यक्ष आपले वामन कृष्ण चोरघडे. २०१२ ला ८५ वं संमेलन पुन्हा चंद्रपूरला, अध्यक्ष वसंत आबाजी डहाके. कोळशाच्या खाणी आणि वाघ यांच्यापलीकडेही चंद्रपूरची ओळख आहे, हे सांगायला हे दोन आकडे पुरेत.

१९. दोन्ही अकादम्यांचा जावई

लेखकाला साहित्य अकादमी मिळते, कलावंताला संगीत नाटक अकादमी. पुलंना 'व्यक्ती आणि वल्ली' साठी १९६५ साली पहिली मिळाली आणि १९६७ साली दुसरी. मधल्या वर्षी, १९६६ ला, पद्मश्री. १९९० ला पद्मभूषण. १९९६ साली महाराष्ट्र भूषण पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला, त्याचे मानकरी तेच. एवढं होऊनही त्यांची ओळख काय राहिली? 'आमचे भाई.'

२०. उभ्यानं गंमत

आता जंगल ओलांडून वैनगंगेच्या काठाला येऊ. पुलंनी लोकनाट्याच्या ढंगात 'पुढारी पाहिजे' लिहिलं. पुढे मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात त्यांनी लावणीसारख्या लोककला शहरी प्रेक्षकांपुढे मानानं मांडल्या. तेच रसायन आपल्याकडे 'खडी गंमत' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या उकळतंय. खडी म्हणजे उभी. कलावंत रात्रभर उभ्यानं गाणार, उभ्यानं हसवणार. ढोलकी, तुणतुणं, बाईच्या वेषातला पोऱ्या, सवाल-जवाब, आणि गावच्या सरपंचापासून साहेबापर्यंत सगळ्यांची खरडपट्टी. सोबत दंडार आहे, गोंधळ आहे. यांच्याच मातीतून झाडीपट्टीचं नाटक वर आलं.

भातकापणी झाली की गावोगावी मंडई भरते, काही गावांत शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं, निमित्त असतं. रात्री दहाच्या पुढे पडदा वर जातो आणि उजाडताना खाली येतो. दोन प्रसंगांच्या मधे गाणं, गाण्याच्या मधे विनोद, विनोदात रडू. मुंबई-पुण्याचा प्रेक्षक दोन-अडीच तासांत घड्याळ बघतो. इथला प्रेक्षक अर्ध्यात नाटक संपवलं तर कंपनीला गावाबाहेर सोडत नाही!

२१. ८०० भूमिकांचा शेतकरी

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातले डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. खुणे म्हणजे झाडीपट्टीचा हसरा चेहरा. लोक त्यांना 'विदर्भाचे दादा कोंडके' म्हणतात. सुमारे ५,००० प्रयोग आणि ८०० वेगवेगळ्या भूमिका एवढा त्यांचा हिशोब सांगितला जातो. घरची शेती, आणि शेतीच्या हंगामानंतर रंगमंचाचा हंगाम. जंगलात बंदुकीच्या नादी लागलेल्या तरुणांना माघारी वळवण्याच्या कामातही ते होते. पुलंना १९६६ साली जो सन्मान मिळाला, तोच ५७ वर्षांनी कुरखेड्याच्या मातीत आला.

२२. अजून पडदा पडलेला नाही

झाडीपट्टीवर 'झॉलीवूड' हा सिनेमा आला २०२२ ला, तृषांत इंगळे यांचा. पुलंवर 'भाई - व्यक्ती की वल्ली' दोन भागांत आला २०१९ ला, महेश मांजरेकरांचा. 'मी वसंतराव' मध्ये गायक वसंतराव देशपांडे यांचे दोस्त म्हणून पुलं पुन्हा पडद्यावर आले. पुलंच्या माणसांवर 'नमुने' ही हिंदी मालिका झाली, म्हणजे टीव्हीच्या पहिल्या निर्मात्यांतल्या एकाला टीव्हीनं साठेक वर्षांनी परतफेड केली. ८ नोव्हेंबर २०२० ला गुगलच्या पहिल्या पानावर पुलं होते. काय घेऊन? पेटी घेऊन.

२३. तारीख चुकली नाही

आयुष्यभर वेंधळेपणाचे किस्से सांगणाऱ्या या माणसानं एक तारीख मात्र चुकवली नाही. लग्न १२ जूनचं. पुण्यात त्यांनी अखेरचा श्वास घेतला तो १२ जून २००० ला, लग्नाच्या ५४ व्या वाढदिवशी.

जाता जाता

पुलंचा वाढदिवस ८ नोव्हेंबर, दिवाळीच्या आगेमागेच येतो. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगामही तेव्हाच उघडतो. यंदा त्या दिवशी घरात बसून पुलंची तीच ती ध्वनिफीत ऐकण्याऐवजी एक बेत करा. नागपूरहून गाडी पकडून वरोऱ्याला उतरा आणि दिवसभर आनंदवन पाहा. पुढे गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं वडसा गाठा आणि जवळच्या गावात कुठं मंडई आहे ते स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला विचारा. सोबत स्वेटर आणि कानटोपी घ्या, वैनगंगेकाठची थंडी चेष्टा करत नाही. आणि परतीचं तिकीट पहाटेचं काढू नका. तेव्हा नाटक ऐन रंगात असतं.